चाक थांबेपर्यंत हात नाही

आप्पा,

आज सकाळी एका बाईनं माझ्या कानाखाली जाळ काढला. उजव्या कानाखाली. डावा कान तुम्ही मी अकरा वर्षांची असतानाच निकामी केलात, त्यामुळे आता दुपार झाली तरी माझ्याच ओट्यावरचा कुकर शिट्ट्या देतोय तो मला खालच्या फ्लॅटमधला वाटतोय. बाई अकोले तालुक्याच्या डोंगरातली, गुडघाभर चिखलात भात लावणारी. तिचा हात काय साधा असणार! हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मी भिंतीवर जाऊन आदळले, चष्मा उडाला, एक नर्स ओरडली. आणि जिच्या नाकावर राग असतो म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत फिरायचात, त्या तुमच्या मुलीनं उलटा हात उचलला नाही. चष्मा उचलला, ओढणीला पुसला आणि म्हणाले, "अजून एक मारा." तिनं मारली नाही. तिथंच फरशीवर बसून रडायला लागली, ते मात्र मला लागलं.

माझ्यापुढे टेबलावर दोन कागद आहेत. एक कंपनीनं टाईप करून दिलेला, एक कोरा. उद्या सोमवारी अकरा वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत आणि यातला एक त्यांच्या हातात द्यायचा आहे. टाईप केलेल्या कागदावरचं एकूण एक वाक्य खरं आहे. आणि तो दिला, की त्या बाईच्या नवऱ्यानं स्वतःच्या मूर्खपणानं स्वतःचा हात घालवला, हे कायमचं ठरणार आहे. कोऱ्या कागदावर काय लिहायचं ते मला माहीत आहे. ते लिहायच्या आधी तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही असतात तर बोलले नसते, हेही खरंच. आपण दोघं समोरासमोर आलो की तिसरं वाक्य शिवीचं असायचं.

तुमच्या त्या थपडेपासूनच सांगते. उन्हाळ्याची सुट्टी होती, तुम्ही डबा विसरला होतात, आणि आईनं मला सायकलवर एमआयडीसीत पिटाळलं होतं. तुमच्या प्रेसशॉपमध्ये मी पहिल्यांदाच आत आले. चपलेखालची जमीन हादरत होती, ठाण ठाण ठाण, पत्र्याच्या छपरातून धूळ गळत होती, आणि एवढ्या आवाजात तुम्ही लोक एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होतात. आणि लाईट गेली. एकदम सगळं गप्प. मग मी बघते तर सगळ्यांनी खिशातून फडकी काढली आणि आपापल्या प्रेसमध्ये वाकले. लाईट गेली की डाय, पत्रा दाबायचा तो साचा, पुसायची, हा तुमच्या शॉपचा रिवाज. चालू असताना पुसायला सवड कुणाला? लाईट गेली की तीच सुट्टी, तीच साफसफाई, तीच बिडी. तुम्ही माझ्या हातातून डबा घेऊन भिंतीकडे ठेवायला गेलात. मी तुमच्या प्रेसशेजारी नुसती उभी होते, हात मागं बांधून. हे मी आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, कानाच्या डॉक्टरांना सांगितलं. नुसती उभी होते. तुम्ही मागून आलात, हाक मारली नाहीत, ओरडला नाहीत. मारलीत. मी स्क्रॅपच्या पेटीवर पडले, गुडघा पत्र्यानं फाटला. पडल्यावर दुसरी मारलीत. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं. आणि मग दंड धरून मला उभी केलीत, माझी मान त्या मोठ्या चाकाकडे वळवलीत आणि म्हणालात, "लाईट गेली म्हंजी मशीन बंद हुत न्हाई! चाक फिरतंय ते दिसत न्हाई का, आंधळे? चाक थांबंपत्तोर हात न्हाई. बोल. बोल म्हन!" सगळ्या शॉपसमोर, नाकातून शेंबूड गळत असताना, ते वाक्य तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत.

त्या संध्याकाळी आईनं तुमच्या अंगावर तवा फेकला. चुलीवरचा, तापलेला. तुमच्या खांद्यावर लागला आणि शर्ट जळाल्याचा वास खोलीभर पसरला. "पोरगी नुसती उबी राह्यली म्हनून तिचा कान फोडता? मानूस हाय का राकीस? सांगा की, काय केलतं तिनं? काय केलतं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी फरशीकडं बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत. खांद्याला हळद लावलीत आणि बाहेर जाऊन बसलात. आई मला घेऊन पारनेरकडं मामाच्या गावाला गेली ती शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी परतली, आणि त्यानंतर तुमचं ताट वाढून झाकून ठेवायची, समोर बसून कधी वाढलं नाही. मला त्याचा आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू? ताटावर ताट उपडं घातलेलं दिसलं की मला बरं वाटायचं.

मी आठवी-नववीत असताना तुमची बोटं गेली. उजव्या हाताची चारही. तुम्ही आठ दिवस सांगत होतात की प्रेस डबल मारतोय, एकदा पॅडल दाबलं की वरचा रॅम दोनदा खाली येतोय, क्लचची चावी झिजली आहे. सुपरवायझर म्हणत होता, बघू. तुम्ही हॉस्पिटलमधून घरी आलात तेव्हा शर्टाच्या खिशात एक कागद होता, तो मी काढून मोठ्यानं वाचला. सदर अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली डाव्या हातानं केलेली सही, पहिलीतल्या पोरासारखी. त्याच्या बदल्यात तुम्हाला गेटवर ठेवणार होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी किंचाळले, "भित्रे आहात तुम्ही! पोरीवर हात टाकताना लई मर्द, आणि सायबापुढं शेपूट घातली!" तुम्ही मला मारलंत. त्याच हातानं, बँडेजच्या. टाके उसवले. माझा गाल ओला झाला, शाळेच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला, तुम्ही पोटाशी हात धरून खाली बसलात आणि मी हसले. मुद्दाम, तुम्हाला ऐकू जावं म्हणून.

मग तुम्ही गेटवर खुर्ची टाकून बसलात ते शेवटपर्यंत. मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही पेपरात गुंडाळून एक टेस्टर दिलात, पिवळ्या मुठीचा. डाव्या हातानं दिलात. "लाईट हाय का न्हाई आधी बघायचं, मंग हात लावायचा," एवढंच म्हणालात. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. टेस्टर अजून माझ्या बॅगेत असतो. त्याचा दिवा कधीच गेलाय, पण असतो.

आता मी काय करते ते तुम्हाला समजेल असं सांगते. सावेडीत राहते आणि एका छोट्या कंपनीत प्रेसचे कंट्रोल पॅनल करते. होय, प्रेसचेच! दुनियेत दुसरं काही मिळालं नाही का, असं आईनं विचारलं होतं. आमच्या पॅनलमधल्या बोर्डावर एक छोटा कॉम्प्युटर असतो. लाईट आली की आधी एक इवलासा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की साठवणीतून एक गाठोडं उचलायचं, तपासायचं, सोडायचं, आतलं कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचं, मशीन त्याच्या हवाली करायचं आणि आपण बाजूला व्हायचं. त्या गाठोड्याला इमेज म्हणतात. ते गाठोडं बांधणं हे माझं काम. गाठोड्याच्या तोंडाशी एक पट्टी असते, तुमच्या टूलरूममध्ये प्रत्येक डायला पत्र्याची पट्टी ठोकलेली असायची ना, पार्ट नंबर, किती टनी प्रेसला लावायची, तशी. माल कोणता, लांबी किती, कुठं ठेवायचा, कुठून सुरू करायचा. आणि एक आकडा, चेकसम. आतला सगळा माल बाइटमागून बाइट गणितातून काढला की तोच आकडा यायला हवा. आला नाही तर वाटेत कुठंतरी काहीतरी सांडलं, बिघडलं. बूटलोडर ते गाठोडं उघडतच नाही. किती छान गोष्ट आहे! मला या कामाचं वेड आहे, आप्पा. यात कुणी कुणाला मारत नाही, असं मला वाटायचं.

आमचे बोर्ड दोन, जुना आणि नवा. फिरत्या चाकाला रॅमशी जोडणाऱ्या क्लचला हवा सोडणारा व्हॉल्व्ह जुन्या बोर्डावर ज्या सिग्नलनं बंद राहतो, नेमका त्याच सिग्नलनं नव्यावर उघडतो. म्हणून कर्नलबरोबर त्या त्या बोर्डाचा नकाशा द्यावा लागतो, कुठली तार कशाची आणि उलटी की सुलटी हे सांगणारा. जुन्या पद्धतीच्या इमेजमध्ये मी एक कर्नल आणि एकच नकाशा बांधायचे, म्हणजे दोन बोर्डांना दोन फायली. सर्व्हिसची माणसं चुकीची फाईल टाकायची आणि मग शिव्या आम्हाला. मालक म्हणाले, एकच फाईल करा. मी नवी पद्धत घेतली. तिच्यात एकाच गाठोड्यात सगळं बसतं, एक कर्नल, दोन्ही नकाशे, प्रत्येकाचा आपला चेकसम, आणि शेवटी यादी, की अमुक बोर्ड असेल तर अमुक नकाशा. बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याचा नंबर असतो, बूटलोडर तो वाचतो आणि यादीतून आपला नकाशा घेतो. आणि यादीत एक ओळ अशी असते की नंबर वाचताच आला नाही तर काय घ्यायचं. डिफॉल्ट. त्या ओळीवरून माझं आणि मालकांचं भांडण झालं. मी म्हणत होते, ओळख पटली नाही तर पॅनलनं गप्प बसायचं, काही सुरू करायचं नाही. ते म्हणत होते, पॅनल गप्प बसलं की गिऱ्हाईकाचा फोन येतो, तो तुम्ही घेता का? मी सोल्डरिंगची गन टेबलावर आपटली, सनमायका जळला, सगळं ऑफिस उभं राहिलं. ते म्हणाले, "मॅडम, डोकं थंड झालं की करा, पण आजच करा." डोकं थंड झालं नाही. "घ्या, मरा!" असं म्हणत मी त्या ओळीत जुन्या बोर्डाचं नाव टाकलं, कारण बाहेर जुनेच जास्त होते, आणि गाठोडं बांधलं. रागात बांधलं. टेबलावर शंभर वेळा चालवून बघितलं, शंभर वेळा बरोबर चाललं. टेबलावरची लाईट चांगली असते ना. शॉपमधली लाईट येते ती सरळ येत नाही, येते, जाते, मरतुकडी परत येते, आणि त्या मरतुकड्या लाईटीत चिपचा नंबर वाचता येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं सांगू? मी प्रेसवाल्याची पोरगी.

गेल्या गुरुवारी मी त्या शॉपमध्ये होते. नवं पॅनल, नव्या बोर्डाचं, बसवलं होतं, चालतंय ना बघायला गेले होते. ऑपरेटर पस्तीस-चाळिशीचा, मला ताई ताई करत होता. त्यानंच मला स्टूल आणून दिलं, चहा मागवला. "ताई, तुमचं पॅनल लई भारी, पयल्यापरीस हलकं चालतंय," म्हणाला. आणि लाईट गेली. एकदम सगळं गप्प. आणि, आप्पा, सगळ्यांनी फडकी काढली. इतक्या वर्षांनी, दुसरं शॉप, दुसरी माणसं, तोच रिवाज. तो वाकला. त्याच्या डोक्यावर चाक फिरत होतं. टाकीत हवा होती. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं, शपथ घेऊन सांगते. पण मी म्हटलं नाही. पॅनल माझं आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, माझ्या गाठोड्याच्या भरवशावर मी चहाचा घोट घेतला. लाईट आली, गेली, परत आली. पॅनलची स्क्रीन उजळली. पहिली ओळ, चेकसम बरोबर. दुसरी ओळ, जुन्या बोर्डाचं नाव. ते नाव मी वाचलं. वाचलं, कळलं, आणि पुन्हा वाचलं. ते दोनदा वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तो माझ्या हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात एक थोबाडीत मारून होते. तुम्ही मारली असतीत. मी वाचत बसले.

रॅम खाली आला. तो आवाज मी तुम्हाला सांगायला नको. रॅम वर गेलाच नाही, क्लच सुटला आणि तिथंच दाबून उभा राहिला, मनगटावर. तो ओरडला नाही, आधी माझ्याकडं बघितलं, ताई असं काहीतरी म्हणाला, मग ओरडला. चारजण धावले, चाकाच्या भोकात पहार घातली आणि उलटं फिरवायला लागले. पहार निसटली, एकाचा ओठ फुटला, परत घातली. सगळे आईबापावरून शिव्या देत होते, प्रेसला, लाईटीला, देवाला. मी त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरलं होतं आणि तो माझ्या दंडाला चावत होता. दाताचे व्रण अजून आहेत. रॅम वर गेला तेव्हा हात मोकळा झाला, आणि हात म्हणावं असं त्यात काही उरलेलं नव्हतं. फडकं मात्र त्याच्या बोटांत तसंच होतं.

शुक्रवारी आमचे मालक आणि शॉपचे मालक दाराआड बसले. शॉपवाल्यांनी सुरक्षेचा रिले काढून वायर सरळ जोडली होती, तो असता तर माझी चूक चूकच राहिली असती, हात गेला नसता. ते त्यांना झाकायचं होतं, आणि आम्हाला आमचं. दोघांनी मिळून तो कागद तयार केला. इमेज तपासली, चेकसम बरोबर आढळला. खरं. ऑपरेटरनं चाक पूर्ण थांबायच्या आत डायमध्ये हात घातला. खरं. तसा हात घालू नये अशी सूचना भिंतीवर लावलेली आहे. तेही खरं, लावलेली आहे. गोणीचं वजन बरोबर भरलं म्हणून आत गहूच आहे असं होतं का? चेकसम बरोबर म्हणजे मी जे बांधलं तेच पोचलं, एवढंच. मी चुकीचं बांधलं होतं, ते जसंच्या तसं, एक बाइटही न सांडता पोचलं. हे मला कळत होतं. त्या खोलीत हे कळणारी मी एकटीच होते. मालकांनी पेन पुढं केलं आणि मी म्हणाले, "सोमवारी देते." नाही म्हणाले नाही. टेबल उलटं केलं नाही, गन आपटली नाही, आवाज चढवला नाही. सोमवारी देते, म्हणाले, मान खाली घालून. तुम्हाला शेपूट घातली म्हणणारी मी.

आज सकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. कशाला गेले ते मलाच माहीत नव्हतं, हातात सफरचंदांची पिशवी होती. तो उशीला टेकून बसला होता, मनगटापासून पुढं काही नाही, नुसता पांढरा गोळा. मला बघून सावरून बसायला लागला. "ताई, तुमी कशाला आल्या? चूक माजीच हाय. लाईट गेली म्हनून पुसाय घेतली, चाकाकडं बघितलंच न्हाई." तो समजूत काढायला लागला, माझी! "सायेब चांगले हायेत. मी लिवून दिलं की गेटवर ठेवतो म्हनलेत." गेटवर. आप्पा, गेटवर! पिशवी फेकली, सफरचंदं कॉटाखाली गेली. मी अख्ख्या वॉर्डात ओरडले, "गेटवर? गेटवर बसणार आयुष्यभर? काही लिहून द्यायचं नाही! खबरदार सही केलीत तर!" माझा हात वर गेला होता. त्या माणसाला मारायला माझा हात वर गेला होता, आप्पा, हात तुटलेल्या माणसाला, आणि मी तो हवेत बघितला. हुबेहूब तुमचा हात. मग तो खाली घेतला आणि म्हणाले, "चूक तुमची नाही. प्रेस माझ्यामुळे पडला."

त्याची बायको थर्मास घेऊन दारात उभी होती. तिनं थर्मास खाली ठेवला, माझा दंड धरला, तोच चावलेला, आणि मला पॅसेजमध्ये ओढत नेलं. "परत बोला." मी सांगितलं. दोन बोर्ड, दोन नकाशे, एक ओळ, ती मी लिहिली, रागात लिहिली. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण शेवटचं कळलं. तिनं विचारलं, "कवा कळलं तुमाला?" मी म्हणाले, "त्याच वेळी. रॅम पडायच्या आधी." ती म्हणाली, "मंग तीन दिस ह्यांला का म्हनू दिलं चूक माजी म्हनून? तीन दिस तुमी गप कशा बसल्या?" आणि मारली. प्रेस पाडल्याबद्दल नाही मारली तिनं मला. गप बसल्याबद्दल मारली.

तर आता कोरा कागद कोरा नाही. मधे उठून कुकर उतरवला आणि तो लिहून काढला. डिफॉल्टची ओळ मी लिहिली, ओळख पटली नाही तर पॅनल बंद ठेवायला हवं होतं ते मी केलं नाही, शॉपमध्ये रिले काढलेला मी स्वतः पाहिला, आणि लाईट गेल्यावर डाय पुसतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. सही केली. उद्या नोकरी जाईल, कदाचित कोर्टात उभी राहीन. मालकांचा फोन येतोय बहुतेक, टेबल थरथरतंय, मला रिंग ऐकू येत नाही. टाईप केलेल्या कागदावर मी चहाचा कप ठेवलाय.

हे पत्र कुठं पाठवणार? गेटवर ना खुर्ची आहे ना तुम्ही. टेस्टरबरोबर बॅगेत राहील. पण त्या बाईनं मला गप का बसलात विचारलं, तेव्हा मला आई दिसली, तवा फेकून उभी राहिलेली, आणि ती तुम्हाला विचारत होती, काय केलतं तिनं? आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एक शब्द बोलला असतात तर तुमचं ताट पुढं कधी झाकलं गेलं नसतं. तुम्ही मला बोलायला जागा दिलीत आणि मी फरशी मोजत राहिले. त्या संध्याकाळी माझ्या फ्रॉकच्या खिशात एक वॉशर होती, चकचकीत, उचलली तेव्हा गरम असलेली. तुमच्या डायमधली. ती मी आईला कधी दाखवली नाही.

मी नुसती उभी नव्हते, आप्पा. माझा हात आत होता, कोपरापर्यंत. चाक फिरत होतं, आणि मला ते दिसत होतं.